रक्तवाहिनी वाढवणाऱ्यांना खारपाणपट्ट्यातून खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, नवी दिल्ली
तसेच प्रयोगशाळेत रक्तवाहिनी आणि इतर नळीसारखे अवयव तयार करण्यावर काम करणारे देशभरातले शास्त्रज्ञ व शल्यचिकित्सक

सप्रेम नमस्कार.

मी खारपाणपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना हा पट्टा पसरला आहे. वर काळी कसदार जमीन, कापूस आणि तूर उत्तम येते, पण विहीर खोदली तर पाणी खारं लागतं. तेल्हारा, अकोट, दर्यापूर, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतल्या गावांची नावं मूत्रपिंडाच्या आजारासाठी वर्तमानपत्रांत येत असतात. सगळा दोष एकट्या पाण्यावर टाकता येत नाही. मधुमेह आहे, रक्तदाब आहे, निंदणं-वेचणं करून पाठ भरून आली की दुकानातून आणून खाल्लेल्या दुखण्याच्या गोळ्या आहेत. कारण कोणतंही असो, शेवटी तो माणूस माझ्या खुर्चीवर येतो आणि हात पुढे करतो.

या पत्रात माझी मागणी एकच आहे. आपल्या देशात जी रक्तवाहिनी प्रयोगशाळेत वाढवली जाईल, ती आधी डायलिसिसच्या हातासाठी वाढवा, आणि तिची आखणी तालुक्याच्या दवाखान्यापासून सुरू करा. दिल्ली, मुंबईत सगळं ठरून मग ती आमच्याकडे येईल, असं करू नका. असं का म्हणते ते सविस्तर लिहिते, कारण हे काम करणारी माणसं तुमच्या बैठकांना क्वचितच असतात.

डायलिसिस म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मशीन येतं. आम्हाला मशीनपेक्षा जास्त चिंता हाताची असते. रक्त बाहेर काढून स्वच्छ करून परत सोडायचं तर मिनिटाला अडीचशे-तीनशे मिलिलिटर तरी प्रवाह हवा. मिनिटाला 250 मिलिलिटर धरलं तरी चार तासांत साठ लिटर रक्त मशीनमधून फिरतं, म्हणजे अंगातलं तेच रक्त दहा-बारा वेळा. मनगटावरची साधी शीर एवढं देऊ शकत नाही. धमनीत सुई रोज खुपसता येत नाही. म्हणून धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. धमनीचा जोर शिरेत येतो, शीर काही आठवड्यांत फुगते, तिची भिंत जाड होते आणि सुई पेलण्याजोगी होते. यालाच फिस्टुला म्हणतात. ब्रेसिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 साली ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा प्रसिद्ध केली आणि जवळपास साठ वर्षांनंतरही सहसा पहिली पसंती तिलाच असते. चांगल्या फिस्टुलावर बोटं ठेवली की आत थरथर जाणवते. आमचे पेशंट सकाळी उठल्यावर देवाला हात जोडायच्या आधी ती थरथर चाचपतात. ती थांबली की फोन येतो, "ताई, आज हात गुणगुणत नाही." हे वाक्य ऐकलं की पुढचं सगळं मला कळतं. रक्त गोठलं, रस्ता बंद.

रस्ता बंद झाला की मानेत कॅथेटर टाकावं लागतं. मानेतलं कॅथेटर म्हणजे थेट हृदयाजवळ जाणारी प्लास्टिकची नळी, बाहेरचं टोक उघड्या जगात. गावात धूळ, घाम, जनावरांचा गोठा, कडक ऊन, एका खोलीत सहा माणसं. त्या नळीतून जंतू रक्तात गेले की थंडी वाजून ताप येतो. डायलिसिस सुरू असताना माणूस खुर्चीवर हुडहुडी भरून थरथरू लागला की आम्ही मशीन थांबवतो आणि रुग्णवाहिका बोलावतो. काही परत येतात. काही येत नाहीत.

फिस्टुला का बंद पडतो? काहींच्या शिरा मुळातच बारीक असतात, विशेषतः बायकांच्या. काहींचा रक्तदाब डायलिसिसमध्ये खाली जातो आणि प्रवाह मंदावतो. पण फार मोठा वाटा आमच्याच आरोग्यव्यवस्थेचा आहे आणि तो मी उघडपणे मांडते. आमच्याकडे अशक्तपणा आला, ताप आला, वेचणीच्या दिवसांत चक्कर आली, की लोक सलाईन लावून घेतात. सलाईन लावलं नाही तर डॉक्टरने काही केलंच नाही असं वाटतं. ते लागतं कुठं, तर कोपरापासून मनगटापर्यंतच्या त्याच शिरांत. वर्षानुवर्षं सुया, तीव्र औषधं, सुजलेल्या शिरा. मूत्रपिंड निकामी होत चाललं आहे हे माहीत असलेल्या माणसाच्याही डाव्या हातात सलाईन लावलेलं मी पाहते. मग शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जन हात चाचपतो आणि म्हणतो, जोडायला शीरच उरली नाही.

इथं तुमच्या संशोधनाची गरज येते. स्वतःची शीर उरली नाही तर आज पर्याय आहे तो ईपीटीएफईच्या नळीचा, म्हणजे ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनचा. धमनी आणि शीर यांच्या मध्ये ती नळी कातडीखाली बसवतात आणि आम्ही तिच्यात सुया टोचतो. माझं दुखणं असं की टोचलेलं भोक ती नळी स्वतःहून बुजवत नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी दोन सुया, म्हणजे वर्षाला तीनशेच्या वर भोकं, तीही दोन-चार बोटांच्या जागेत. उन्हात तापून ठिकठिकाणी गळायला लागलेल्या ठिबकच्या नळीची जी गत होते, तीच या नळीची होते. त्यात जंतू शिरले तर औषधाने तो संसर्ग सहसा जात नाही, नळीच काढून टाकावी लागते. शिरेला जोडलेल्या टोकाशी तर पेशी वाढत जातात आणि रस्ता हळूहळू अरुंद होतो. शरीर परक्या वस्तूला असंच उत्तर देतं.

आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या नळीकडे येते. मी सर्जन नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच, पण माझ्या कामाशी संबंध आहे म्हणून जे मिळेल ते वाचत असते. लॉरा निकलसन यांच्या चमूने 1999 साली डुकराच्या पेशींपासून धमनी वाढवून दाखवली. विरघळणाऱ्या जाळीच्या नळीवर स्नायूपेशी पेरल्या आणि त्या नळीतून हृदयासारखे ठोके देत द्रव फिरवत ठेवला, तेव्हा त्या पेशींनी भिंत विणली. त्यातूनच पुढे अमेरिकेतल्या ह्युमासाइट कंपनीची रक्तवाहिनी आली. अवयवदात्याच्या महाधमनीतल्या स्नायूपेशी घ्यायच्या, सहा मिलिमीटर व्यासाच्या जाळीवर पेरायच्या, सुमारे आठ आठवडे वाढवायच्या आणि शेवटी सगळ्या पेशी धुऊन टाकायच्या. मागे राहते ती पेशींनी विणलेली कोलॅजन या प्रथिनाची नळी. पेशीच उरल्या नाहीत म्हणून ती कोणाच्याही शरीरात बसवता येते, रक्तगट जुळवायला नको, शरीराने झिडकारू नये म्हणून आयुष्यभर औषधं नकोत.

हे वाचून मला काय वाटलं ते सांगते. ही नळी बसवल्यानंतर तिच्यात रुग्णाच्या स्वतःच्या पेशी शिरतात आणि तिथे वस्ती करतात. रुग्णांच्या हातातून नंतर काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीत हे दिसलं आणि 2019 मध्ये ते प्रसिद्ध झालं. सुईच्या भोकांच्या जागीही ऊती भरून आलेली त्यात आढळली. वर्षातून तीनशे वेळा टोचल्या जाणाऱ्या हातासाठी याहून मोठी बातमी मला ठाऊक नाही. आम्ही टोचतो आणि ती भरते, ही गोष्ट माझ्या पेशंटच्या नशिबात आली तर!

या रक्तवाहिनीचा माणसावरचा पहिला वापर पोलंडमध्ये 2012 च्या डिसेंबरात झाला, आणि तो डायलिसिसच्याच रुग्णावर झाला होता. पुढे तिला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, मान्यता दिली ती 19 डिसेंबर 2024 रोजी, पण डायलिसिससाठी नाही. हाता-पायाच्या धमनीला जबर जखम झाली, रक्तपुरवठा तातडीने सुरू करायचा आहे आणि स्वतःची शीर वापरणं शक्य नाही, अशा प्रौढांसाठी. युक्रेनच्या युद्धात जखमींवर ती वापरली गेली होती. तीही गरज आमच्याकडे आहे. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणी यंत्रात हात जातो, आणि तुटलेल्या रक्तपुरवठ्याला जे पाच-सहा तास मिळतात त्यातले निम्मे चांगल्या सर्जनपर्यंत पोचण्यात जातात. पण अशा जखमा तुरळक असतात. डायलिसिसचे पेशंट रोज असतात, प्रत्येक तालुक्यात असतात आणि वर्षागणिक वाढत आहेत. डायलिसिससाठीही 242 रुग्णांवर तिची फिस्टुलाशी तुलना करणारी चाचणी झाली आणि सहा महिने व वर्षभराच्या कसोटीत ती सरस ठरल्याचं 2024 मध्ये जाहीर झालं. म्हणजे रस्ता खुला आहे. प्रश्न एवढाच की आपण त्यावर चालणार कसे आणि कोणासाठी.

किंमत बघा. ती बाजारात आली तेव्हा एका नळीची जाहीर किंमत 29,500 डॉलर होती, म्हणजे जवळपास पंचवीस लाख रुपये. दोन एकर कोरडवाहू शेती असलेल्या माणसाला हा आकडा सांगायचा धीर मला होणार नाही. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणि 2016 पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात डायलिसिस मोफत मिळतं, म्हणून तर हे लोक जिवंत आहेत. तरी एसटीचं भाडं, सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, आणि मध्येच पूर आला तर चुकलेली डायलिसिसची पाळी, हे सगळं त्यांच्याच माथी येतं. आयात केलेल्या नळीची वाट बघत आम्ही बसू शकत नाही. इथंच बनली पाहिजे.

इथं बनू शकते, हे मी उगाच उमेदीपोटी म्हणत नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची झडप बनवली. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिची आधीची तीन प्रारूपं चाचण्यांत नापास झाली, चौथं टिकलं, आणि 1990 साली ते पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसलं. आयात झडपेपेक्षा कितीतरी स्वस्त असलेली ही चित्रा झडप आज गावोगावच्या माणसांच्या छातीत चालू आहे. संधिवाताच्या तापाने हृदय खराब झालेली पोरं शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या घरातली असतात, हे त्या चमूला सुरुवातीपासून ठाऊक होतं. झडप कोणासाठी हे आधी ठरलं, मग पदार्थ, मग रचना. अलीकडे मुंबईच्या आयआयटीने आणि टाटा मेमोरियलने रक्ताच्या कर्करोगासाठी स्वतःची कार-टी उपचारपद्धती उभी केली, म्हणजे रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून कर्करोगाशी लढवायच्या. तिला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली आणि ती परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शात होते. जिवंत पेशी वाढवून औषध बनवण्याचं कसब आपल्याकडे आहे. रक्तवाहिनीसाठी ते वापरायचं ठरवावं लागेल, आणि ते ठरवणं परिषदेच्या हातात आहे.

आता तालुक्यापासून आखणी म्हणजे काय, ते सांगते. अमेरिकेतली ती नळी 2 ते 10 अंश तापमानात साठवावी लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो. वीज जाते. लसींचं फ्रीज आमच्या आरोग्यसेविका जिवाच्या आकांताने सांभाळतात, त्यात आणखी एक पंचवीस लाखांची वस्तू ठेवायला कोणी धजणार नाही. तेव्हा इथली नळी वाळवून, साध्या तापमानाला टिकेल अशी करता येते का, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून प्रयोगशाळेत असू द्या. नंतर सुचलेली सुधारणा म्हणून तो येऊ नये. दुसरं, सुई. आम्ही सोळा-सतरा गेजच्या सुया वापरतो, एकेका पाळीत अनेक पेशंट असतात, कापसाचे बोळे दाबून धरायला दुसरा हात नसतो. नळी टोचायला किती सोपी, टोचल्यावर किती वेळात रक्त थांबतं, चुकून आरपार सुई गेली तर काय होतं, याच्या चाचण्या सर्जनच्या हातून करू नका, आमच्या हातून करा. सर्जन ती एकदा बसवतो. पुढची सगळी वर्षं ती आमच्या ताब्यात असते. तिसरं, दुरुस्ती. शिरेकडचं टोक अरुंद झालं तर आत छोटा फुगा फुगवून ते रुंद करावं लागतं. ती सोय मोठ्या शहरात, नाहीतर अडीचशे किलोमीटरवर नागपुरात. अरुंद होतंय हे वेळेत कळावं म्हणून तालुक्याला रक्ताचा प्रवाह तपासणारं एक साधं डॉप्लर यंत्र आणि ते वापरायला शिकलेली माणसं हवीत. नळीच्या खर्चात हा खर्च धरा. आणि चौथं, प्राणी. पेशी धुऊन काढलेल्या नळ्या गाय, म्हैस, डुक्कर यांच्या ऊतींपासूनही बनतात. आमच्या पट्ट्यात माळकरी वारकरी आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. कोणत्या जनावराचं आहे हे त्यांना बसवायच्या आधी, मोकळेपणाने सांगितलं गेलं पाहिजे. काही जण हो म्हणतील, काही नाही म्हणतील. नंतर कळलं तर मात्र अख्खं गाव डायलिसिसवरच विश्वास ठेवणार नाही.

यानंतरचा मुद्दा माझ्यासाठी सगळ्यात जड आहे. चाचणी.

नळीच्या आकाराचे अवयव बनवण्याच्या इतिहासात चांगल्या गोष्टी आहेत. टोकियोच्या डॉक्टरांनी 1999 मध्ये एका चार वर्षांच्या मुलीला तिच्याच पेशींपासून वाढवलेली फुप्फुसाची रक्तवाहिनी बसवली. अँथनी अटाला यांच्या चमूने मेक्सिकोत पाच मुलांना त्यांच्याच पेशींपासून तयार केलेली मूत्रमार्गाची नळी बसवली आणि कित्येक वर्षं त्यांचा पाठपुरावा करून 2011 मध्ये निष्कर्ष मांडले. पण त्याच 2011 मध्ये स्टॉकहोममध्ये पाओलो मॅकिआरिनी या सर्जनने स्टेम सेल लावलेली प्लास्टिकची श्वासनलिका माणसाच्या गळ्यात बसवली. प्राण्यांवर पुरेशी चाचणी नव्हती. जगभर गाजावाजा झाला, माणसं मरत गेली. चार डॉक्टरांनी तक्रार केली तेव्हा आधी त्यांनाच बाजूला सारलं गेलं. 2016 मध्ये तिथल्या कॅरोलिन्स्का संस्थेने त्याला काढलं, आणि 2023 मध्ये स्वीडनच्या अपील न्यायालयाने तीन रुग्णांच्या बाबतीत त्याला दोषी ठरवून अडीच वर्षांची शिक्षा दिली. स्वीडनसारख्या देशात, नोबेल देणाऱ्या संस्थेच्या अंगणात हे घडलं. तिथे निदान चार डॉक्टर तक्रार करू शकले. आमच्याकडे चुकीचं घडताना दिसलं तर कंत्राटावर काम करणारी तंत्रज्ञ कोणाकडे बोलेल? तिचं कंत्राट पुढच्या मार्चमध्ये संपतं.

मी चाचणीच्या विरोधात नाही. उलट चाचणी आमच्याकडे व्हावी असं मी म्हणते, कारण शहरातल्या चांगल्या शिरांच्या, चांगल्या खाण्याच्या, आठवड्याला तीनदा नियमित येणाऱ्या माणसांवर यशस्वी झालेली नळी आमच्याकडे टिकेलच असं नाही. आमच्याकडे बरेच जण आठवड्याला दोनदाच येतात. अंगात रक्त कमी, प्रथिनं कमी, दोन पाळ्यांमध्ये पाणी साचून आलेलं. या शरीरांतही ती टिकते का, हे इथंच कळेल. पण ज्या माणसाला मानेतली नळी नको आहे, तो कशालाही हो म्हणतो. एका बाईने मला म्हटलं होतं, "ताई, माह्या हातात काहीही टाका, पण मानीतलं काढा." या वाक्याला संमती समजू नका. ही अगतिकता आहे, आणि संमतीपत्रावरची सही तिच्यातूनही येऊ शकते.

म्हणून माझं म्हणणं असं. संमतीपत्र मराठीत असावं, आणि ती मराठी जीआरची नसावी. इंग्रजी मसुद्याचं भाषांतर करून आणलेला कागद आमचे पेशंट वाचत नाहीत, आम्हीही त्यातली निम्मी वाक्यं समजावू शकत नाही. आधी इथल्या बोलीत समजावून सांगता येईल असा मजकूर तयार करा. अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नळीवरही भिंत फाटून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो, असा ठळक इशारा छापलेला आहे. हा इशारा पेशंटच्या घरच्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळला पाहिजे, शेवटच्या पानावर नाही. रात्री दोनला हातातून रक्ताची धार लागली तर काय दाबायचं, कुठं फोन करायचा, गाडी कोण आणणार, हे संमतीच्या आधी ठरलेलं आणि करून दाखवलेलं असावं.

2019 च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचणी नियमांत चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाईची तरतूद आहे. चाचणीची नोंद करण्यासाठी परिषदेचंच नोंदणी केंद्र आहे. कागदावर हे सगळं आहे. गावातल्या माणसाला त्यातलं काही माहीत नाही. प्रत्येक चाचणीची मराठी माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि ग्रामसभेत वाचली जावी, एवढी साधी अट परिषदेने घालावी. पुण्या-मुंबईच्या नीतिसमितीने मंजूर केलेला कागद पुरेसा मानू नये. समितीत डायलिसिसवरचा एक माणूस आणि एक तंत्रज्ञ असावा. तंत्रज्ञाला तक्रार थेट परिषदेकडे करता यावी, कंत्राटदाराच्या मार्फत नाही. आणि चाचणी संपल्यावर, कंपनी निघून गेल्यावर, ज्यांच्या हातात ती नळी आहे त्यांच्या नळीची काळजी किती वर्षं आणि कोण घेणार, हे आधीच लिहून द्या. आपल्याकडे प्रकल्प संपला की गाडी परत जाते.

अन्ननलिका, मूत्राशय, श्वासनलिका यांवरचं संशोधनही चालू ठेवा. अ‍ॅसिड पिऊन वाचलेल्या माणसाची अन्ननलिका आक्रसते आणि तो आयुष्यभर घास गिळायला धडपडतो, असे लोक आमच्याकडे आहेत आणि त्यांनाही काहीतरी हवं आहे. पण त्या नळ्यांना अजून वेळ लागेल. रक्तवाहिनीचं काम बरंच पुढे गेलं आहे, म्हणून पैसा आणि माणसं आधी तिच्यावर लावा अशी माझी विनंती आहे.

आणखी एक गोष्ट आहे, तिला ना प्रयोगशाळा लागते ना पंचवीस लाख. ती उद्यापासून करता येईल. कितीही चांगली नळी वाढवली तरी तिचं एक टोक शिरेलाच जोडावं लागतं. शीरच जळून गेली असेल तर तुमची नळी जोडणार कुठे? रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की साचणारा घटक, वाढलेलं दिसलं, त्या दिवसापासून त्या माणसाचा एक हात राखून ठेवायचा, त्यात ना सलाईन ना इंजेक्शन, रक्त घ्यायचं तर तळहाताच्या मागच्या बाजूला किंवा दुसऱ्या हाताला. हा नियम प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, प्रत्येक खासगी दवाखान्यात आणि प्रत्येक आशाताईच्या प्रशिक्षणात आला पाहिजे. डावखुऱ्यांसाठी उजवा हात, बाकीच्यांसाठी डावा. मनगटात एक पट्टी बांधून द्या, 'या हातात सुई नको' एवढंच लिहिलेली. फिस्टुलाची शस्त्रक्रिया डायलिसिस सुरू व्हायच्या आधी काही महिने झाली पाहिजे. आज बहुतेक लोक धाप लागून, पाय सुजून थेट तातडीच्या डायलिसिसला येतात आणि पहिलाच रस्ता मानेतला असतो. तुमच्या परिषदेने या दोन गोष्टींची सूचना काढली, राज्य आरोग्य विभागाने ती राबवली, तर बऱ्याच हातांना तुमच्या नळीची गरजच पडणार नाही आणि उरलेल्यांत ती नीट बसेल.

माझ्याकडे संशोधनाला देण्यासारखं एक आहे. आमच्यासारख्या केंद्रांतल्या वह्यांत प्रत्येक पेशंटची, प्रत्येक पाळीची नोंद असते. कोणत्या हाताला कधी फिस्टुला केला, तो कधी बंद पडला, प्रवाह किती मिळाला, कॅथेटर कितीदा टाकलं, ताप कधी आला. खारपाणपट्ट्यातल्या केंद्रांच्या अशा वह्या एकत्र केल्या तर कोणाचे रस्ते का बंद पडतात, हे नळी बनवायच्या आधीच कळेल. या वह्या आज कपाटात पडून आहेत, काही ठिकाणी वाळवी लागली आहे. परिषदेने एक साधा नमुना पाठवावा, आम्ही भरून देऊ. पेशंटचं नाव न देता, त्यांना विचारून.

आणि रक्तवाहिनीच्या प्रकल्पाची पहिली बैठक ठरली की ती अकोल्यात घ्या. तारीख महिनाभर आधी कळवा, म्हणजे आम्हाला पाळ्या बदलून घेता येतील आणि दोन-तीन पेशंटनाही सोबत आणता येईल. डायलिसिसचा दिवस वगळून, दुपारी दोननंतर ठेवा. सकाळच्या एसटीने निघालेला माणूस तोवर पोचतो.

कळावे,
आपली,
खारपाणपट्ट्यातली एक डायलिसिस तंत्रज्ञ
जि. अकोला